वाघबाई आणि पुलाखालचा माणूस

वाघबाई कुठल्याही दुकानात शिरल्या की आधी पाणी मागत. "भाई, जरा पाणी आपजो ने." दुकानदार बिचारा ग्लास भरून देई. बाई स्टूल ओढून बसत, पंख्याकडे बघत घोटघोट पाणी पीत, आणि ग्लास परत केल्यावरच कामाचं बोलत. मी एकदा म्हटलं, "बाई, आत्ताच शेजारच्या दुकानात प्यालात की." तर म्हणाल्या, "ज्याने आपल्याला पाणी पाजलं त्याला आपल्याला लगेच हाकलता येत नाही, गिरासे. तहान कुठे लागलीय मला?"

सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मी मराठी शिकवतो, अजूनही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता बाई शहाद्याला बहिणीकडे जाऊन राहतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण त्या उधन्यातल्या आपल्या खोलीतच राहिल्या आणि महिन्याभरात शाळेत येऊन मला म्हणाल्या, "तुमच्याकडे स्कूटर आहे ना?" माझी पात्रता एवढीच होती. हे मी विनयाने म्हणत नाही. रेडिओतलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

बाईंच्या डोक्यात एक रेडिओ होता. साधा, मध्यम लहरींवर संध्याकाळी दूरचं मराठी स्टेशन ऐकू येईल इतपत. अट एकच, की त्याचा एकूण एक भाग सुरतेत, पायी फिरून, दुकानात मिळाला पाहिजे. मराठी शाळांतल्या शिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर घ्यायचं, प्रत्येकाला आपल्या हाताने रेडिओ बांधायला लावायचं, आणि जाताना एक कागद द्यायचा: कुठला भाग कुठे मिळेल. म्हणजे तो शिक्षक आपल्या वर्गात जाऊन तेच करेल. एखादा जरी भाग सुरतेत मिळत नसेल तर सगळा खटाटोप वाया, असं त्यांचं म्हणणं होतं. "नाहीतर मग ती जादू झाली. जादू दाखवून पोरं टाळ्या वाजवतात, शिकत नाहीत."

मी म्हटलं, "बाई, हल्ली सगळं मोबाइलवर मागवता येतं. लिंबायतच्या गल्लीतसुद्धा पार्सलवाला येतो."

"पार्सल येतं. ते चाललं नाही तर पोराने कोणाला विचारायचं? पार्सलवाल्याला?"

बाईंसमोर मला बहुतेक वेळा उत्तर सुचत नसे, आणि नंतर सुचलेलं उत्तर मी कधी त्यांना जाऊन सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा. आमच्या घरात कोणी मोकळं बोलत नसे. तीच सवय मी शाळेत नेली आणि बाईंना स्कूटरवरून हिंडवतानाही ती माझ्याबरोबर होती.

तर आम्ही दर रविवारी निघायचो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावायची आणि पुढे पायी. बाईंच्या पिशवीत साडीच्या दुकानातलं एक जुनं शेडकार्ड असे. कापडाचे तुकडे चिकटवलेलं घडीचं पुठ्ठ्याचं कार्ड असतं ना, तेच. त्यातले तुकडे काढून बाईंनी त्या जागी रेडिओचे भाग दोऱ्याने टाके घालून बसवले होते. प्रत्येक भागाचा एक नमुना. नंबर सांगत बसायचं नाही, कार्ड उघडायचं आणि बोट ठेवून म्हणायचं, असलं द्या. "आना जेवुं." भागळच्या बाजूला एका दुकानात मालकाची बायको गल्ल्यावर होती. तिने त्या रंगीत पट्ट्यांच्या बारक्या रेझिस्टरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सरस मोती छे, बेन. कई साडीमां लागे?" दुसऱ्या कोणी हसून दुरुस्त केलं असतं. बाईंनी मात्र तिला बसवून सांगितलं, की हे मोती विजेला अडवतात, आणि कोणत्या रंगाचा मोती किती अडवतो. ती बाई शेवटी म्हणाली, आमच्याकडे हे नाहीत पण माझा दीर पंखे दुरुस्त करतो, त्याच्याकडे असतील. त्याच्याकडे होते.

उधन्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटारी बांधून देणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथे तांब्याची मुलामा दिलेली बारीक तार मिळते, पण अख्खं रीळ घ्या म्हणतात. एकाने बाईंना तीनदा "नही मिलेगा" ऐकवलं. मी उठलो. बाई बसून राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या हातात उरलेल्या तारेचं भेंडोळं होतं आणि त्याने वर चहा पाजला होता. "पहिलं नाही सवयीचं असतं, गिरासे. दुसरं कंटाळ्याचं. तिसरं झालं की माणूस तुमच्याकडे नीट बघतो."

ती तार ज्याच्यावर गुंडाळायची तो साचाही त्यांनी इथलाच शोधला होता: साडीचं रिकामं खोकं. सुरतेत त्याची काय वाण! ट्रान्झिस्टर मेलेल्या सीएफएल बल्बांच्या पोटातून निघाले, भंगारवाल्याकडून. डायोड लिंबायतच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या खणात तळाशी पडलेले होते. एकेक भाग मिळत गेला तसा बाईंचा चेहरा खुलत गेला आणि माझा उतरत गेला, कारण मला वाटे, आता संपेल, पुढच्या रविवारी संपेल, आणि ते संपत नसे.

संपेना ते एका गँगमुळे. रेडिओवर स्टेशन बदलताना आपण चक्री फिरवतो, तिच्यामागे आत जे फिरतं त्याला रेडिओवाले गँग म्हणतात. काड्यापेटीपेक्षा लहान वस्तू. ती सुरतेत कुठे नव्हती. "ए तो बंध थई गयुं, बेन." "मोबाइलनो जमानो छे." जुन्या रेडिओतून काढता येते, पण बाईंना ते मंजूर नव्हतं. "एक रेडिओ मारायचा आणि दुसरा जन्माला घालायचा, यात आपण काय केलं?" पावसाळा गेला, दिवाळी गेली. शिबिराची तारीख शाळेने देऊन टाकली. बाई दुकानदुकान पाणी पीत राहिल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. मी मोबाइलवरून गँग मागवले. पार्सल आलं, मी वरचं प्लास्टिक फाडून टाकलं, बायकोच्या शिलाई मशीनचं तेल बोटावर घेतलं, त्यात खिडकीतली धूळ कालवली आणि ते गँग जुने दिसावेत म्हणून चोळले. बायको बघत होती. म्हणाली, "हे काय करताय?" मी म्हटलं, "शाळेचं." मग बाईंकडे गेलो आणि सांगितलं, की नदीकाठच्या रविवारी बाजारात, पुलाखाली, एक म्हातारा ट्रे घेऊन बसतो, त्याच्याकडे मिळाले.

वाचणाऱ्याला वाटेल, मला बाईंची दया आली. तसं नाही. मला माझा रविवार परत हवा होता.

बाईंनी गँग हातात घेतला आणि चक्री फिरवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं आता आभार मानतील. पण त्यांनी विचारलं, "कसा आहे दिसायला?"

"कोण?"

"देणारा माणूस. मला ओळखायला नको?"

मग मी माणूस बनवला. पांढरी दाढी. पुढे प्लास्टिकचा निळा ट्रे. बाई "आणखी?" म्हणत गेल्या आणि मी देत गेलो. शेवटी म्हटलं, चष्म्याची एक काडी मोडलेली, दोऱ्याने बांधलीय.

"नाव?"

"विचारलं नाही."

"माणसाचं नाव नाही विचारलं? कसले हो तुम्ही!"

शिबिराच्या कागदावर त्यांनी शेवटची ओळ लिहिली: गँग, रविवारी बाजार, पुलाखाली, चष्मेवाले चाचा. ती लिहिताना मी समोर बसलो होतो. तेव्हा बोलता आलं असतं. मी चहा पीत होतो.

माझे रविवार सुटले नाहीत, हे वेगळं सांगायला नको. शिबिरासाठी आणखी गँग हवेत म्हणून बाई पुलाखाली जाऊ लागल्या आणि जागा दाखवायला मला नेऊ लागल्या. मी एक जागा दाखवली. जुन्या चपला विकणारा आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधली. ती रिकामी होती. बाई तिथे उभ्या राहत. "आज उशीर झाला असेल." पुढच्या वेळी, "तब्येत बरी नसेल, वय झालंय ना." मी म्हणत गेलो, की गेला असेल गावाला, आता बसत नसेल. त्या म्हणत, "तुम्ही जा घरी, गिरासे. मी थांबते." मी जायचो. मागे वळून पाहायचो तर त्या गर्दीत एकट्या उभ्या, पिशवी पोटाशी धरून. घरी येऊन रविवारचं मटण खात बसायचो.

आणि मग एका सोमवारी मधल्या सुट्टीत बाई स्टाफरूममध्ये आल्या. रुमालाची पुरचुंडी टेबलावर सोडली. आत गँग होते, मूठभर.

"भेटला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कोण काय? तुमचा चाचा. अहो, काडीला दोरा नाही, तार आहे. तुम्ही नीट पाहिलंच नाही."

मला काय वाटलं ते मी आजही सांगू शकत नाही. आधी वाटलं, बाईंनी मला पकडलंय आणि आता चारचौघांत गंमत करणार. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथे गंमत नव्हती. त्या आनंदात होत्या आणि थोड्या रागावल्या होत्या, नाव न विचारल्याबद्दल. मी विचारलं, "मग तुम्ही विचारलंत का नाव?" तर म्हणाल्या, "विचारलं. पण तो म्हणाला, नाव कशाला, मी इथेच असतो."

मी एक गँग उचलून नाकाशी नेला. तेलाचा वास येत होता. म्हणजे बाईंनीही माझ्यासारखंच पार्सल मागवून चोळलं होतं? पण त्यांना मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नव्हतं. आणि सुरतेत कशाला तेलाचा वास येत नाही? इथे घरोघरी लूमचं तेल हवेतच असतं. खरंच असा माणूस होता का? असला तर तो मी बनवायच्या आधीपासून होता की नंतर आला? हा प्रश्न वेड्यासारखा आहे हे मला कळतं. पण तेव्हा मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहून याचाच विचार करत होतो.

पुढच्या रविवारी मी बाईंना न सांगता एकटा गेलो. जागा रिकामी. चपलावाल्याला विचारलं, इथे दाढीवाले चाचा बसतात का, रेडिओचं सामान घेऊन. तो म्हणाला, "अरे साहब, यहाँ कौन कब बैठता है, हमको क्या मालूम. चप्पल देखो." मी चप्पल घेऊन आलो. पायात बसली नाही.

शिबिर उत्तम झालं. दिवस मावळायच्या सुमारास वर्गाच्या खिडक्यांत साडीची खोकी ओळीने उभी होती आणि प्रत्येकाला जोडलेल्या इअरफोनमधून बारीक आवाजात बातम्या येत होत्या, कुठे स्पष्ट, कुठे खरखरत. बारडोलीहून एक पवार सर आले होते. साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या मुलांना ते शिकवतात. त्यांनी इअरफोन कानातून काढायलाच नकार दिला. शेवटी बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा रेडिओ अडला होता गँगपाशी. तो गिरासे सरांनी पायी फिरून शोधून काढला. टाळ्या वाजवा." लोकांनी वाजवल्या. मी हात जोडले.

पवार सरांचा फोन पंधरवड्याने आला. "सर, मुलांनी तार गुंडाळून ठेवलीय, खोकी तयार आहेत. दोन रविवार झाले, मी मोटारसायकलवर पुलाखाली येतोय. तुमचे चाचा काही भेटत नाहीत. थोडं सांगता का, कुठल्या वेळेला बसतात? ऊस संपत आला हो. तोड संपली की ही मुलं निघून जातील."

मी म्हटलं, "हल्ली बसत नाहीत वाटतं." आणि फोन ठेवला. मग तसाच उधन्याला गेलो.

बाई खोलीत खाली बसून खोक्यावर तार गुंडाळत होत्या. मला बघताच म्हणाल्या, "बरं झालं आलात. जरा धरा." तारेचं भेंडोळं माझ्या दोन्ही हातांत अडकवलं. समोरासमोर बसलो. मधे तार. उठून जायची सोय नव्हती.

"बाई, तो माणूस नाही."

"कोण?"

"पुलाखालचा. मी बनवला होता. ते गँग मी मोबाइलवरून मागवले होते."

"तार ढिली सोडू नका."

"बाई, मी खोटं बोललो."

"ऐकलं." त्यांचा हात थांबला नव्हता. चार-पाच फेरे गेले. "मग मी कोणाकडून आणले?"

"तेच तर मला कळत नाही."

"म्हणजे मीही खोटं बोलतेय."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता?" आणि एकदम अहिराणीत, जी त्या शाळेत कधी बोलत नसत, "येडी शे का मी? इतलं उनमां उभी राहू?"

मग त्यांनी विचारलं, "का मागवले?"

इथे मला सोपं उत्तर देता आलं असतं. तुमचा त्रास बघवेना, असं. जिभेवर आलंही होतं. पण म्हणालो, "मला कंटाळा आला होता, बाई. मला रविवार पाहिजे होता."

तेव्हा त्यांचा हात थांबला. चाचा नाही हे ऐकून जो चेहरा हलला नव्हता तो हलला.

"मग तसं म्हणायचं होतं. दुसरा स्कूटरवाला बघितला असता." मग विचारलं, "पवार सरांना काय सांगितलंत?"

"हल्ली बसत नाहीत म्हणून."

"म्हणजे आणखी एक." त्यांनी माझ्या हातांतून भेंडोळं काढून घेतलं. "कागदावर ती ओळ माझ्या अक्षरात आहे, गिरासे. तुमच्या नाही. त्या मुलांना ती मी लिहून दिलीय." मग उठून चहा ठेवला. तो मी प्यालो आणि त्यांनी मला दारापर्यंत सोडलं नाही. एरवी सोडत.

चारच दिवसांत पवार सरांचा पुन्हा फोन. आवाज फुललेला. "सर, बाईंचा निरोप आला. येत्या रविवारी या, पुलाखाली नक्की मिळेल म्हणाल्या!" मी हो हो म्हटलं. मला काही समजेना. माझ्याकडून सगळं ऐकल्यावर बाई कोणाच्या भरवशावर हा शब्द देत होत्या?

त्या रविवारी मी गेलो. बाईंना पाहिलं ते तेच शेवटचं. नंतरच्या आठवड्यात बहिणीचं दुखणं वाढलं म्हणून त्या शहाद्याला गेल्या आणि अजून तिथेच आहेत.

सकाळचं तिरपं ऊन पुलाखाली आतपर्यंत शिरलं होतं. चपलावाला आणि किल्लीवाला यांच्या मधे पोतं अंथरून, मांडी घालून वाघबाई बसल्या होत्या. पुढे प्लास्टिकचा ट्रे. त्यात तारेची छोटी छोटी भेंडोळी, डायोड, ट्रान्झिस्टर, आणि एका वाटीत गँग. पवार सर उकिडवे बसून एकेक गँग फिरवून बघत होते आणि बाई त्यांना ओरडत होत्या, "अहो, गोंजारताय काय? पुरी फिरवा, शेवटपर्यंत. अडतोय का बघा."

पवार सरांनी विचारलं, "बाई, हे तुम्ही आणता कुठून?"

"दुकानदार कधी सांगतो का?"

मी किल्लीवाल्याजवळ सरकलो आणि हळू आवाजात विचारलं, या इथे कधीपासून बसतात. कानस घासता घासता तो म्हणाला, "पहले चाचा बैठते थे. अब ये बैठती हैं." मग बाईंकडे बघून हसला. का हसला, तो खरं सांगत होता की कोणी सांगितलेलं सांगत होता, मला कळलं नाही. मी आणखी विचारणार होतो, तेवढ्यात बाईंनी मान वर केली. मला पाहून त्या ना हसल्या ना रागावल्या. आल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा बघितल्या.

"गिरासे," त्या म्हणाल्या, "तुमची सावली मालावर पडतेय. सरका."

मी सरकलो.